कॅपमध्ये जागा १२ मिलियन, क्वार्टरबॅक २५ मिलियनचा: बसतो कसा?

बेंचवरचा

आयपीएलच्या लिलावाचा हिशेब कुणालाही कळतो. २०२५च्या मोठ्या लिलावाला प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी होती. बोली लावली की तेवढे वजा, पर्स संपली की गप्प बसायचं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या वर्षाच्या पगारखर्चाची मर्यादा, त्याहून कडक आहे म्हणतात, आणि तरी दर मार्चमध्ये ज्यांच्याकडे जागा नाही असं सगळे सांगत असतात तेच संघ महागडा अनुभवी क्वार्टरबॅक (पास फेकणारा, संघाचा मुख्य खेळाडू) घेऊन मोकळे होतात.

माझे प्रश्न नेमके आहेत:

संघाकडे १२ मिलियन डॉलरची जागा आहे. ३७-३८ वर्षांचा क्वार्टरबॅक एका वर्षाचे २५ मिलियन मागतोय. कुणालाही न काढता हे जमतं का? करार कसा लिहितात?

क्वार्टरबॅक रसेल विल्सन २०२४मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडे १.२१ मिलियनला गेला आणि २०२५मध्ये जायंट्सनी त्यालाच १०.५ मिलियनची गॅरंटी (काढलं तरी द्यायचेच पैसे) दिली. एका वर्षात तो नऊपट चांगला खेळायला लागला असं तर काही दिसलं नाही. मग हा फरक कशाचा?

आणि हे सगळं नंतर अंगाशी येतं ते कधी?

आकडे मांडून सांगा. ‘कॅप म्हणजे थोतांड’ हे वाक्य ऐकून कान किटलेत.

हिशेबनीस

जमतं. थोतांड नाही, पण पर्सही नाही. खेळाडूला पैसे कधी मिळाले ही एक वही, आणि ते कॅपवर कोणत्या वर्षी धरले ही दुसरी वही. दुसऱ्या वहीचे नियम असे: पगार ज्या हंगामाचा, त्याच हंगामाच्या कॅपवर पूर्ण लागतो. साइनिंग बोनस मात्र कराराच्या वर्षांमध्ये सारखा वाटून धरतात, जास्तीत जास्त पाच वर्षांत. खेळाडूच्या खात्यात तो लवकर पडलेला असतो, त्याचं काही अडत नाही.

तुमचंच उदाहरण २०२५च्या आकड्यांनी सोडवू. त्या वर्षीचा कॅप २७९.२ मिलियन, आणि सात किंवा जास्त हंगाम झालेल्या खेळाडूचा किमान पगार १.२५५ मिलियन. २५ मिलियन असे फोडायचे: पगार १.२५५, साइनिंग बोनस २३.७४५. करारात पुढची चार वर्षं जोडायची आणि अट घालायची की पुढच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या अमुक तारखेला ती आपोआप रद्द होतील. हीच ती व्हॉइड इयर्स. त्या वर्षांत कुणी खेळणार नसतं, बोनस वाटायला रकाने हवेत म्हणून ती लिहितात.

२३.७४५ भागिले ५ म्हणजे ४.७४९. पहिल्या वर्षाचा कॅप हिट, म्हणजे कॅपवर धरायचा आकडा, १.२५५ अधिक ४.७४९, म्हणजे ६.००४ मिलियन. खेळाडूला पूर्ण २५ मिळाले, कॅपवर ६ दिसले.

त्यातही उन्हाळ्यात ‘टॉप ५१’चा नियम असतो. हंगाम सुरू होईपर्यंत संघातले सगळ्यात महाग ५१ जणच कॅपवर मोजतात. नवा माणूस वर आला की ५१वा खाली घसरतो आणि त्याचा साधारण १ मिलियनचा आकडा सुटतो. म्हणजे तुमच्या १२मधून प्रत्यक्षात ५च्या आसपासच गेले.

आता बिल. पुढच्या मार्चपर्यंत त्याच्याशी नवा करार झाला नाही, तर व्हॉइड होताच उरलेले चारही हप्ते एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येऊन आदळतात: ४.७४९ गुणिले ४, म्हणजे १८.९९६ मिलियन. माणूस नाही, पण १९ मिलियन आहेत. याला डेड मनी म्हणतात.

एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. वेबसाइटवर मार्चमध्ये दिसणारे १२ मिलियन सगळे खर्चायचे नसतात. सप्टेंबरात ५१चे ५३ (पूर्ण मुख्य संघ) होतात. प्रॅक्टिस स्क्वॉडचे, म्हणजे सरावापुरते ठेवलेले, सोळा जण धरा: २०२५चा किमान दर आठवड्याला १३,००० डॉलर, १८ आठवडे, म्हणजे ३.७४४ मिलियन. ड्राफ्टमधली (कॉलेजातून निवडलेली) नवी पोरं, शिवाय जखमी होऊन आयआरवर (जखमींच्या यादीत) जाणाऱ्यांच्या जागी आणायचे खेळाडू (जखमींचा पगार कॅपवर चालूच राहतो). हे सगळं मिळून ८-१० मिलियन बाजूला ठेवावे लागतात. ‘ओव्हर द कॅप’ या वेबसाइटवर ‘इफेक्टिव्ह कॅप स्पेस’ असा वेगळा रकाना असतो, त्यात निदान रोस्टर (संघाची यादी) भरण्याचा आणि ड्राफ्टचा खर्च वजा केलेला असतो. तोच बघायचा.

तेव्हा १२ दिसत असताना ५ घेणारा करारसुद्धा काही वेळा जड जातो. मग दुसरी किल्ली वापरतात: आधीच संघात असलेल्या कुणाचा तरी पगार बोनसमध्ये बदलायचा. समजा लेफ्ट टॅकलचा (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमनचा) या वर्षीचा पगार २० मिलियन आहे आणि कराराची चार वर्षं बाकी आहेत. १.२५५ पगार ठेवला आणि १८.७४५चा बोनस केला, तर या वर्षी ४.६८६ लागतात आणि १४.०६ मिलियनची जागा होते. त्याचा एक पैसा कमी होत नाही, उलट आधी हातात पडतो. बऱ्याच करारांत संघाला हे परस्पर करायची मुभा आधीच लिहिलेली असते, सहीसुद्धा लागत नाही.

मोनोंगाहेला

विल्सनच्या प्रश्नाचं उत्तर पिट्सबर्गच्या कॅपमध्ये नाही, डेनव्हरच्या करारात आहे.

डेनव्हर ब्रॉन्कोसनी २०२२मध्ये दिलेल्या करारात २०२४चे ३९ मिलियन आधीच पक्के झाले होते. शिवाय २०२४च्या (मार्चमध्ये सुरू होणाऱ्या) लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी तो संघात असता, तर २०२५चे ३७ मिलियनही पक्के झाले असते. म्हणून त्याला त्याआधीच मार्चमध्ये मोकळं केलं. अशी तारीख जवळजवळ प्रत्येक मोठ्या करारात असते. अनुभवी क्वार्टरबॅक बाजारात कधी येणार याचा अंदाज तिच्यावरूनच बांधायचा. रेडर्सनी डेरेक कारला २०२३मध्ये १४ फेब्रुवारीला सोडलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे ४०.४ मिलियन पक्के होणार होते.

आता ऑफसेट. ज्या गॅरंटीला ऑफसेट लावलेला असतो, तिथे नवा संघ जेवढे देईल तेवढे जुन्या संघाच्या देण्यातून वजा होतात. विल्सनला २०२४साठी एकूण ३९ मिळणारच होते. स्टीलर्सनी किमान पगार म्हणजे १.२१ दिले, उरलेले ३७.७९ डेनव्हरने भरले. स्टीलर्सनी १० दिले असते तर विल्सनला एक डॉलरही जास्त मिळाला नसता, डेनव्हरचे मात्र वाचले असते. कोणता एजंट ते करेल? खेळाडूचा फायदा यात आहे की नव्या संघाने ते पैसे चांगल्या रिसीव्हरवर किंवा लाइनमनवर घालावेत.

२०२५मध्ये डेनव्हरची गॅरंटी उरली नव्हती. पहिल्यांदाच त्याची किंमत बाजाराने ठरवली, ती १०.५ निघाली. खेळ तोच, पैसे भरणारा बदलला.

म्हणून ‘अमुक संघाकडे जागा नाही, तो अमक्याला घेऊ शकत नाही’ असं म्हणण्याआधी एवढंच बघायचं की त्या माणसाचा या वर्षीचा पगार दुसरं कुणी देतंय का.

बेंचवरचा

वा, ऑफसेटचं हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पण मग एक शंका. व्हॉइड इयर्स लावून २५चे ६ होत असतील, तर सगळेच संघ प्रत्येक करारात तेच का करत नाहीत?

थर्डअँडलाँग

करतात की. आणि फेडतात.

टॅम्पाचं उदाहरण या धाग्यासाठीच घडल्यासारखं आहे. तिथला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्याचा २०२०चा करार सरळ होता: दोन वर्षं, ५० मिलियन, सगळे गॅरंटीड. सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकल्यावर २०२१मध्ये त्याच कराराला मुदतवाढ देऊन मागे व्हॉइड इयर्स जोडली, त्यातून त्या वर्षी साधारण १९ मिलियनची जागा झाली, आणि आदल्या वर्षीचे बावीसच्या बावीस स्टार्टर परत आणले. तो निवृत्त झाल्यावर २०२३च्या कॅपवर त्याच्या नावाचे ३५.१ मिलियन उरले. त्या वर्षी टॅम्पाने क्वार्टरबॅक कुठला घेतला? बेकर मेफिल्ड, ४ मिलियन, सगळे इन्सेंटिव्ह (कामगिरीचे बोनस) मिळाले तर ८.५.

हीच गोष्ट मिनेसोटात. क्वार्टरबॅक कर्क कझिन्सचा करार २०२४च्या मार्चमध्ये व्हॉइड झाला, २८.५ मिलियन डेड मनी. त्या हंगामाला सॅम डार्नल्ड १० मिलियनला आणला. न्यू इंग्लंड २०२०: निघून गेलेल्या ब्रेडीचे १३.५ मिलियन कॅपवर, आणि कॅम न्यूटन जवळपास किमान पगारावर.

माझं मत असं की जाणाऱ्या क्वार्टरबॅकचं बिलच येणाऱ्याची किंमत ठरवतं. ‘ब्रिज क्वार्टरबॅक’ (पुढचा मिळेपर्यंतचे तात्पुरते) ४ ते १० मिलियनच्या पट्ट्यात का मिळतात? तेवढेच द्यायची ऐपत असलेले दोन-तीन संघ दर वर्षी तयारच असतात आणि ते जुन्याचे हप्ते फेडत असतात. मेफिल्ड आणि डार्नल्ड दोघेही त्या वर्षी चालले, टॅम्पाने डिव्हिजन जिंकली, मिनेसोटा १४-३ (जिंकले-हरले) गेले. न्यूटनचं चाललं नाही, ७-९. चालला तर पुढच्या मार्चमध्ये तो स्वस्त राहत नाही हेही आलंच: मेफिल्डला तीन वर्षांचे १०० मिलियन टॅम्पानेच दिले, डार्नल्डला १००.५ सिएटलने.

व्हॉइड इयर्सचा खरा धोका वयात आहे. तिशीतला टॅकल असेल तर मुदतवाढ देऊन हप्ते पुढे सरकवता येतात. ३८ वर्षांच्या क्वार्टरबॅकला पुढे सरकवायला वर्षच नसतं. तो घरी बसला की सगळं एकदम.

हिशेबनीस

थर्डअँडलाँग, थोडं जास्त काळं रंगवताय. कॅप वाढतो हे धरलंत का? २०२१चा कॅप १८२.५ होता, २०२५चा २७९.२. तेव्हाचे १९ मिलियन म्हणजे कॅपचे १०.४ टक्के, तेच १९ मिलियन चार वर्षांनी भरले तर ६.८ टक्के. बिनव्याजी कर्ज आहे, आणि वर महागाई तुमच्या बाजूने. न वापरलेली जागा पुढच्या वर्षी नेता येते, ती कुजत नाही. त्यामुळे शिस्तीत उधार घेणारा संघ मूर्ख नसतो.

धोका आहे तो कॅप घटण्यात. २०२०चा १९८.२ होता, कोविडमुळे २०२१ला १८२.५वर आला. सेंट्सनी वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं त्याच वर्षी दारात आलं आणि ते कॅपच्या वर १०० मिलियनच्या आसपास निघाले.

मोनोंगाहेला

आणि तिथेच सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझची युक्ती बघा. निवृत्त होणार हे ठरलेलं होतं, पण २०२१चा त्याचा २५ मिलियनचा पगार वहीत होता. त्याने तो १.०७५वर आणला आणि मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली, पण कागदोपत्री निवृत्तीच्या यादीत जून उजाडल्यावर गेला. १ जूनच्या आधी नाव काढलं तर बोनसचे राहिलेले सगळे हप्ते त्याच वर्षी लागतात. १ जूननंतर काढलं तर चालू वर्षाचा हप्ता या वर्षी आणि बाकीचे पुढच्या वर्षी.

मार्चमध्येच सोडून ‘१ जूननंतर’चा शिक्काही मारता येतो, प्रत्येक संघाला वर्षाला असे दोन. जेट्सनी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला २०२५मध्ये असंच सोडलं: ४९ मिलियन डेड मनी, त्यातले १४ त्या वर्षी आणि ३५ पुढच्या. पण फसगत कुठे होते ते सांगतो. शिक्का मारला तरी १ जूनपर्यंत त्याचा जुना कॅप हिट तसाच बसून राहतो. म्हणजे सुटलेली जागा मार्चच्या खरेदीत वापरता येत नाही. ती जूनमध्ये हातात येते, तोवर चांगले पर्याय गेलेले असतात. ती जागा नवख्यांचे करार आणि हंगामातल्या दुखापतींसाठीच उपयोगी.

ट्रेडचं थोडक्यात: बोनसचे हप्ते जुन्या संघाकडे राहतात, नवा संघ फक्त पगार आणि पुढचे रोस्टर बोनस (ठरल्या तारखेला संघात असल्याबद्दलचे) घेतो. म्हणून क्वार्टरबॅक मॅट रायनला कोल्ट्सकडे पाठवताना फाल्कन्सना २०२२मध्ये ४०.५ मिलियन सोसावे लागले.

पन्नासयार्ड

इन्सेंटिव्हचं कुणीच बोललं नाही, आणि म्हाताऱ्या क्वार्टरबॅकच्या करारात अर्धी गंमत तिथे असते.

इन्सेंटिव्ह दोन प्रकारचे. गेल्या हंगामात जे साध्य झालं होतं ते ‘लाइकली’, ते या वर्षीच्या कॅपवर आधीच धरतात. जे झालं नव्हतं ते ‘अनलाइकली’, ते आता शून्य धरतात आणि मिळालं तर पुढच्या वर्षीच्या कॅपवर चढवतात. उलट, धरलेलं मिळालं नाही तर पुढच्या वर्षी तेवढी जागा परत मिळते. वैयक्तिक अट असेल तर त्या खेळाडूचा गेला हंगाम बघतात. संघाची अट असेल, म्हणजे प्लेऑफ वगैरे, तर करार करणाऱ्या संघाचा.

आता गेलं वर्ष दुखापतीत घालवलेला क्वार्टरबॅक घ्या. त्याने स्नॅप (मैदानावरचे डाव) घेतलेच नव्हते, म्हणून स्नॅप, यार्ड, टचडाउन, काहीही लिहा, ते अनलाइकलीतच जातं. न्यूटन २०१९मध्ये फक्त दोन सामने खेळला होता. म्हणूनच पॅट्रियट्सना १.०५ मिलियनच्या पगारावर कमाल ७.५ मिलियनचा करार लिहिता आला आणि कॅपवर त्याचा भार जेमतेम पडला. दर सामन्याला सक्रिय यादीत असल्याबद्दलचा बोनसही याच मापाने मोजतात.

सतराच्या सतरा सामने खेळून आलेल्या माणसाला मात्र ही सवलत नाही. रॉजर्स २०२४मध्ये पूर्ण खेळला होता, त्यामुळे स्टीलर्सच्या १३.६५ मिलियनच्या करारात, जो कमाल १९.५पर्यंत जात होता, नुसत्या खेळण्यावर बोनस ठेवून कॅप वाचला नसता. अट गेल्या वर्षापेक्षा वरची ठेवावी लागते.

काय बिघडतं? दोन्हीकडून बिघडतं. संघ स्नॅपची टक्केवारी ठेवतो, डिसेंबरात माणूस उंबरठ्यावर असतो आणि प्लेऑफची आशा संपलेली असते. कोच त्याला बसवतो. कारण खेळाचं की हिशेबाचं, यावर मग लॉकर रूममध्ये कुजबुज. एजंट शहाणा असेल तर एकाच उंच पायरीऐवजी ५०, ६०, ७० टक्के अशा पायऱ्या लिहून घेतो.

बेंचवरचा

मग फाल्कन्सनी कझिन्सला २०२५मध्ये ४० मिलियनचा कॅप हिट असताना राखीव म्हणून का ठेवला? तिथे कॅपच आडवा आला ना?

थर्डअँडलाँग

कॅपपेक्षा गॅरंटी. २०२४चा करार: चार वर्षं, १८० मिलियन, त्यातले १०० गॅरंटीड, साइनिंग बोनस ५०. बोनसचा हप्ता वर्षाला १२.५. पहिल्या वर्षी पगार १२.५, म्हणून कॅप हिट २५. दुसऱ्या वर्षी पगार २७.५, म्हणून ४०. तो २७.५ पक्का होता, सोडला तरी द्यायचाच. शिवाय २०२६चा १० मिलियनचा रोस्टर बोनस २०२५च्या मार्चमध्येच पक्का झाला. दुसऱ्या संघाने ट्रेडमध्ये घेतला असता तर त्याच्या कॅपवर २७.५ लागले असते. एवढे देऊन बेंचवर गेलेला माणूस घ्यायला कुणी का येईल? फाल्कन्सनी त्यातला मोठा हिस्सा स्वतः भरायची तयारी दाखवली असती तरच ट्रेडची बोलणी पुढे सरकली असती. नाहीतर त्याच पैशात अनुभवी राखीव क्वार्टरबॅक घरात ठेवणं परवडतं.

करार वाचताना म्हणून एकूण आकडा सोडून द्या. दुसऱ्या मार्चनंतर किती गॅरंटी उरते तेवढं बघा. आणि रोख कुठून येते तेही. भविष्यातली पक्की रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली की मालकाला ती लीगकडे आगाऊ ठेवावी लागते. २४ मिलियनचा साइनिंग बोनस कॅपवर पाच वर्षांत पसरतो, मालकाच्या बँकेतून मात्र एका वर्षात जातो. ‘जागा नाही’ असं संघ सांगतो तेव्हा बऱ्याचदा अडचण रोखीची असते.

पन्नासयार्ड

वेळेबद्दल दोन गोष्टी राहिल्या.

करार संपून मोकळा झालेला खेळाडू घेतला तर कॉम्पेन्सेटरी पिकच्या हिशेबात तो तुमच्या विरुद्ध धरतात. स्वतःचा चांगला खेळाडू गमावल्याबद्दल ड्राफ्टमध्ये मिळणारी जादा पिक (निवड) त्यात बुडू शकते. जुन्या संघाने सोडून दिलेला, म्हणजे विल्सन, रॉजर्स यांच्यासारखा, धरत नाहीत. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर कुणालाही घेतलं तरी धरत नाहीत. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला राखीव क्वार्टरबॅकच्या सह्यांची रांग लागते ती यामुळे.

दुसरं, सप्टेंबरातलं. चार हंगाम पूर्ण झालेला खेळाडू पहिल्या आठवड्याच्या ५३मध्ये असला आणि नंतर काढला, तर उरलेला पगार टर्मिनेशन पे म्हणून मागू शकतो. म्हणून तिसऱ्या क्रमांकाचा अनुभवी क्वार्टरबॅक संघ पहिल्या सामन्याआधी सोडतात किंवा प्रॅक्टिस स्क्वॉडवर ठेवतात, आणि पहिला आठवडा उलटल्यावर परत घेतात. तेव्हा टॉप ५१ संपलेलं असतं, ५३च्या ५३ कॅपवर असतात. तुमच्या १२मधले किती उरले ते तेव्हा कळतं.